प्रयोगशाळेतली हवा 'गाळून परत आत'? अजिबात नको!

'विज्ञान इमारतीचं वीजबिल ७० टक्के कमी करा, फक्त चार उपाय' हा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माझ्या भाचीने तो पाठवला. इमारतीच्या नूतनीकरणाच्या बैठकीत तो म्हणे गांभीर्याने वाचून दाखवला गेला! एचव्हीएसीच्या (म्हणजे इमारतीतली हवा खेळती, गरम-थंड ठेवण्याच्या) कामात आयुष्य गेलेल्या माणसाला यावर गप्प बसवत नाही.

उपाय पहिला: बाहेर फेकली जाणारी हवा हेपा फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीत सोडा. कपाळावर हात मारला. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. कण! ईथर, क्लोरोफॉर्म, बेंझीनच्या वाफा म्हणजे सुटे रेणू. चाळणीतून पाणी जावं तसे ते आरपार जातात. कार्बन फिल्टर लावू म्हणाल, तर तो काही वाफा धरतो, काही नाही, आणि भरला की निकामी. शिवाय शिकवण्याच्या इमारतीत उद्या कोण कुठली बाटली उघडेल, हे आज कोण सांगणार? हवेतला गारवा किंवा ऊब वाचवायचीच असेल, तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही डक्टमध्ये कॉइल बसवा आणि त्यांतून ग्लायकॉल-पाणी फिरवा. ऊर्जा परत येते, विष येत नाही.

उपाय दुसरा: फ्यूम हूडमध्ये (ज्या कपाटासारख्या जागेत प्रयोग करतात आणि जिथली हवा वाफांसकट बाहेर ओढली जाते) 'हवेचा वेग जितका जास्त तितकी सुरक्षितता'. हेही चूक. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलची २०११ची मार्गदर्शिका मिनिटाला ८० ते १०० फूट सांगते. वेग फार वाढवला की हूडसमोर उभ्या माणसापाशी भोवरे होतात आणि वाफ बाहेर ओढली जाते. वीज वाचवायला निघालेला माणूसच ती उधळायला सांगतोय!

उपाय तिसरा: रात्री हवा बाहेर फेकणारे पंखे बंद? रात्रभर चालणाऱ्या अभिक्रिया असतात, हूडखालच्या कपाटांत रसायनं असतात. हवा कमी करा, शून्य नाही.

राहिला चौथा उपाय, नवा चिलर, म्हणजे इमारत थंड ठेवायला पाणी गार करणारं यंत्र. इथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो: या इमारती ऊर्जा खातातच. एक हूड साडेतीन घरांइतकी ऊर्जा वापरतो, असा लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांचा २००५चा अंदाज आहे (घरं अमेरिकेतली, अर्थात). पण चिलरचा नंबर शेवटचा. आधी सॅश, म्हणजे हूडची पुढची सरकती काच, खाली ओढायची सवय आणि गरजेनुसार हवा कमी-जास्त करणारं व्हीएव्ही नियंत्रण. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते, म्हणजे वेग २० टक्के घटला की वीज, आदर्श स्थितीत, जवळपास निम्मी. हे सोडून आधी चिलर घेतलात, तर पुढे हवा कमी केल्यावर तो गरजेपेक्षा मोठा ठरेल आणि अपुऱ्या भारावर सारखा चालू-बंद होत राहील.