भाडं परवडतं, घर परवडत नाही

वाद सुरू झाला तो मास्तरांच्या एका वाक्यावरून. “कमी कमाईच्या कुटुंबाने शहराच्या टोकाला घर बघावं. लहान शहर आहे, लांब म्हणजे किती लांब? भाडं तर सरळ एक तृतीयांश कमी होतं.”

कट्ट्यावर नेहमीचे चौघे होते. हिशेबाचे पक्के मास्तर, भाडेकरार करून देणारा वकील, वायरमन आणि वस्त्यांमध्ये घरं शोधून द्यायला मदत करणाऱ्या ताई. ताईंनी लगेच अडवलं.

“मास्तर, महिन्याची कमाई 100 धरा. कामाजवळच्या घराचं भाडं 32, प्रवास 4, वीज-पाणी 6. झाले 42. आता तुमचं टोकाचं घर. भाडं 22, दोघांचा कामावर जाण्यायेण्याचा खर्च 14, पोरांची शाळेची ने-आण 4, वीज-पाणी तेच 6. झाले 46. आणि बस चुकली की खाडा. 25 दिवस भरणाऱ्याचा एक खाडा म्हणजे 100 मधले आणखी 4 गेले.”

“पण भाडं 30 टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळेच सांगतात.”

“तो आकडा आला कुठून ते बघा,” वकील म्हणाला. “अमेरिकेत 1969 साली सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या 25 टक्क्यांवर जाऊ नये असा कायदा झाला. 1981 मध्ये ती मर्यादा 30 केली. सरकारने आपल्या घरांचं भाडं किती घ्यायचं, यासाठी तो आकडा होता. घरात खाणारी तोंडं किती, हे त्यात कुठे येतं?”

ताईंची पद्धत उलटी आहे. आधी किराणा, औषधं, शाळा, कर्जाचे हप्ते आणि प्रवास बाजूला काढायचा. उरेल ती भाड्याची मर्यादा. तेवढ्याच कमाईत दोघांच्या घराला 38 झेपतील, पाच जणांच्या घराला 20 सुद्धा जड जातील. मास्तरांना हे अर्धंच पटलं. हाताशी एक ठरलेला आकडा नसला तर माणूस घर आवडलं म्हणून वाहवत जातो, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नाही. शेवटी भाडं आणि प्रवास मिळून 45 च्या वर जायचं नाही, एवढ्यावर दोघे थांबले. शिकागोच्या एका संस्थेने 30 अधिक 15 असं हेच माप बरीच वर्षं वापरलं आहे.

खरी अडचण मात्र पुढे आहे. महिन्याचं भाडं जमतं, पण घरात शिरायलाच पैसा नसतो. भाडं 30 धरलं तर तीन महिन्यांचं डिपॉझिट 90, पहिल्या महिन्याचं भाडं 30, एजंटला एक भाडं 30. सामान हलवायच्या आधीच दीड महिन्याची कमाई हातातून जाते. म्हणून पुष्कळ कुटुंबं ओल आलेल्या, महाग पडणाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं अडकून राहतात. नवीन घर स्वस्त असतं, पण तिथपर्यंत पोचायची पुंजी नसते.

“डिपॉझिट हप्त्याने मागावं,” ताई म्हणाल्या. “एक महिन्याचं आज, उरलेलं चार हप्त्यांत, तारखा करारात लिहून. एकाच घराचा मालक असेल तर ऐकतो. त्याला घर रिकामं ठेवणं परवडत नाही.”

वकिलाने इथे सावध केलं. काही मालक म्हणतात, डिपॉझिट कमी घेतो, भाडं थोडं वाढवा. ऐकायला गोड वाटतं. डिपॉझिट 60 ने कमी झालं आणि भाडं महिन्याला 2 ने वाढलं, तर वर्षाचे 24 झाले. म्हणजे 60 वर 40 टक्के व्याज, आणि हे पैसे परत येत नाहीत. त्यापेक्षा पतसंस्थेचं कर्ज स्वस्त पडत असेल तर ते घ्यावं.

घर शोधायचं कसं, यावर फारसा वाद झाला नाही. लहान शहरात स्वस्त घराची जाहिरात क्वचितच होते. मालकाकडे एक-दोनच घरं असतात आणि ती ओळखीतून जातात. त्यामुळे पायी फिरणं, किराणा दुकानदाराला, शाळेच्या शिपायाला, सोडून चाललेल्या भाडेकरूला विचारणं, हाच खरा शोध. कॉलेज असलेल्या शहरात वर्ग सुरू होण्याच्या महिन्यात शोधू नये. प्रवेशाची गर्दी ओसरल्यावर जी घरं रिकामी राहतात त्यांचे मालक बोलणीला मऊ असतात. जाताना कागद तयार हवेत. ओळखपत्र, कमाईचा पुरावा, आधीच्या मालकाचा फोन नंबर, मागच्या भाड्याच्या पावत्या. रोजंदारीवाल्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, तिथे बारा महिन्यांच्या पावत्या तेच काम करतात. घर दाखवायच्या आधी पैसे मागणाऱ्याला एक छदामही देऊ नये. दाखवणारा खरंच मालक आहे का, हे घरपट्टीच्या पावतीवरच्या नावाशी ओळखपत्र ताडून पाहावं. तो स्वतःच भाडेकरू निघाला तर मूळ मालकाची लेखी परवानगी मागावी, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीही रस्त्यावर.

मग वायरमनला तोंड फुटलं, आणि तो बराच वेळ बोलला.

“घर बघायला जाल तेव्हा आधी मीटर बघा. घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद करा, प्लग काढा आणि मीटरवरचा लाल दिवा बघत दोन-तीन मिनिटं थांबा. लुकलुकत राहिला तर आणखी कुणाची तरी वायर तुमच्या मीटरवर आहे किंवा कुठेतरी गळती आहे. वीज जास्त वापरली की पुढच्या युनिटला जास्त दर, अशी पद्धत जिथे आहे तिथे तीन खोल्यांना मिळून एक मीटर असेल तर तिघांची युनिटं एकत्र चढतात आणि कमी वापरणाऱ्या कुटुंबालाही वरचा दर बसतो. स्वतंत्र मीटर नसेल तर निदान सबमीटर, म्हणजे तुमच्या खोलीचा वापर वेगळा मोजणारा छोटा मीटर हवा, आणि दर युनिटला किती हे करारात हवं.”

“भिंतीचं काय?” मास्तरांनी विचारलं.

“खालच्या तीन फुटांतच नवा रंग दिसला की समजा, काहीतरी झाकलंय. जमिनीतून चढणारी ओल साधारण तेवढीच वर येते आणि वरच्या कडेला पांढरा क्षार सोडते. छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर बहुतेक वेळा हवा खेळत नाही म्हणून. खिडकी उघडी ठेवून, स्वयंपाकाची वाफ बाहेर काढून ती आटोक्यात येते. चढणारी ओल भाडेकरूच्या हातची नाही. शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवायचा. पाणी खोलीच्या बाजूला जमलं तर वाफेचं, भिंतीच्या बाजूला जमलं तर ओल आतली.”

दोन दिवस थांबायला मालक तयार होत नाही, ही ताईंची हरकत रास्त होती. मग शेजाऱ्याला विचारणं एवढंच उरतं. पावसात काय होतं आणि पाणी किती वाजता येतं, हे दोन प्रश्न शेजारी खरे सांगतो. नळाची धार मोजायला दहा लिटरची बादली पुरते. भरायला पाच मिनिटं लागली तर मिनिटाला दोनच लिटर, आणि मोठ्या घराची सकाळ त्यात निघणार नाही.

“हे सगळं बघून नाही म्हणायची चैन कुणाला आहे?” मास्तर म्हणाले. प्रश्न बोचरा होता, पण खरा. ताईंनी शांतपणे उत्तर दिलं. घर नाकारायलाच बघतो असं नाही. दोष आधी सापडला तर भाडं कमी मागता येतं, किंवा दुरुस्ती करून मागता येते. राहायला गेल्यावर तोच दोष भाडेकरूच्या माथी मारला जातो.

वकील यावर पूर्ण सहमत होता. भाड्याच्या बदल्यात दुरुस्ती ठरली तर काम कोणतं, सामान कुणाचं, किती महिन्यांचं भाडं माफ, हे तिन्ही करारात लिहायचं. तोंडी ठरलेलं सगळ्यात आधी विसरलं जातं. करारात भाड्याची तारीख, वाढ कधी आणि किती, नोटीस किती दिवसांची, मोठी दुरुस्ती कुणाची, डिपॉझिट किती दिवसांत परत, एवढं तरी हवंच. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचे फोटो, मीटरचं रीडिंग, नळ-पंखे-दारांची यादी, आणि त्या यादीवर दोघांच्या सह्या. भाडं बँकेतून द्यावं, रोख दिलं तर पावती त्याच क्षणी घ्यावी.

“इंग्लंडमध्ये 2007 पासून डिपॉझिट मालकाच्या मर्जीवर सोडत नाहीत,” तो पुढे म्हणाला. “ते मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावं लागतं. आणि 2019 पासून बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. जिथे अशी सोय नाही तिथे ती सह्यांची यादी हाच भाडेकरूचा कायदा.”

“मग घर सोडताना सरळ शेवटची तीन भाडी बुडवावीत. डिपॉझिट तिथेच वळतं झालं,” मास्तर म्हणाले.

वकील एकदम ताठ बसला. “ते करू नका. थकबाकी भाडेकरूच्या नावावर चढते, आणि पुढच्या मालकाने फोन केला की हा मालक तेवढंच सांगतो. लहान शहरात तो फोन होतोच.”

“आणि डिपॉझिट मालकाने दाबलं तर? गरिबाने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या?”

“नोटीस देतानाच लेखी विचारायचं, शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं कराल का. हो म्हणाला तर त्याची सही घ्यायची. नाही म्हणाला तर भाडं भरायचं, आणि किल्ली देण्याच्या दिवशी यादी समोर ठेवून तिथेच हिशेब मागायचा.”

मास्तरांना ते पटलं नाही. ताई म्हणाल्या, वळतं करून घ्यायचं असेल तर सही झाल्याशिवाय सामान बांधायला सुरुवातच करू नये.