तारीख बघ की!

काल सकाळी कोथिंबिरीची जुडी हातात देता देता भाजीवाली अक्का म्हणाली, "काय वो, तुमचा कॉम्प्युटर शेवटी आप्पांनी चालू करून दिला म्हणं?"

मी पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरतोय. गल्लीतल्या आप्पांनी जन्मभर बेळगावातल्या वडगावच्या यंत्रमागांच्या मोटारी भरून (रिवाइंड करून) दिल्या. ते माऊसला अजून "ते उंदराचं" म्हणतात. मी जुडी घेतली, सुट्टे पैसे घ्यायला विसरलो आणि घरी आलो. वर कोथिंबीर शिळी निघाली.

झालं ते असं. सगळ्यांचे फोन फोटोंनी भरले होते. क्लाउडवाले दरमहा पैसे मागायला लागले होते, म्हणून ऑफिसातून निकालात निघालेला एक जुना पीसी मी घरी आणला. त्यावर स्टोरेज सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची, मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो एका पेटीत घालायचे आणि बिल भरणं बंद करायचं, असा बेत होता. या सिस्टिमांतही स्थळं बरीच आहेत. ट्रूनॅस आहे, जी 2005 साली फ्रीनॅस नावानं सुरू झाली. डेबियनवर बांधलेली ओपनमीडियाव्हॉल्ट आहे. पेनड्राइव्हवरून चालणारी, पण पैसे मागणारी अनरेड आहे. मी कुठलीशी लग्नगाठ बांधली ते सांगत नाही. प्रत्येकीचं माहेर भांडखोर आहे.

एवढं सांगतो की तिनं घरात पाऊल टाकताच माझी 500 जीबीची नवी एसएसडी आख्खी स्वतःकडे घेतली. सिस्टिमला लागतात मोजके जीबी, पण ज्या डिस्कवर ती बसते तिथं तुमचा एक फोटोही ठेवू देत नाही. फोटोंना वेगळी डिस्क आणा. म्हणजे पाहुणा आला, हॉलमध्ये झोपला आणि आपण सगळे जिन्यात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी जुनी 32 जीबीची डिस्क लावली असती. लिहिलेलं होतं म्हणे. असेल.

शुक्रवारी रात्री इन्स्टॉल झालं. स्पेसबारनं डिस्कपुढे फुली मारली, "सगळा डेटा पुसला जाईल" ला हो म्हटलं, पेनड्राइव्ह काढला, मशीन उठलं. काळ्या पडद्यावर सर्व्हरचा घरच्या नेटवर्कवरचा, 192.168 ने सुरू होणारा पत्ता आला. बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "फोटो कुठायत?" मी म्हटलं, उद्या. आणि वीज गेली.

जुलैतला पाऊस आमच्याकडे कसा असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आभाळ गळतं म्हणजे गळतंच, आणि त्याबरोबर वीज दिवसातून चारदा जाते. फोन केला की पलीकडून एकच उत्तर, "बरतैत्री, बरतैति." येतेय, येतेय. येतेसुद्धा, पण आपण मेणबत्ती लावल्यावर. बिल मात्र कधी अडकत नाही. आणि इन्व्हर्टरवर पंखे नि फ्रीज आहेत, "तुझ्या डब्याला त्यात जागा नाही" हा घरचा निकाल आहे. त्याच्यावर अपील नाही.

वीज आल्यावर मशीनवर पाटी: बूट करण्याजोगी डिस्क नाही. म्हणजे जिच्यावरून सिस्टिम सुरू करावी अशी डिस्कच सापडत नाही.

शनिवारी पुन्हा इन्स्टॉल केलं. चाललं. वीज गेली. आली. डिस्क नाही. रविवारी तिसऱ्यांदा. दर वेळी मी शिस्तीत बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी उठणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) जाऊन यूईएफआय, म्हणजे सिस्टिम सुरू करायची नवी पद्धत, चालू करायचो, कारण इन्स्टॉलच्या पायऱ्यांत तसं लिहिलेलं. ते परवाच चालू केलं होतं, मग आज बंद कसं सापडलं, हा प्रश्न मला पडला नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवाचा हा तोटा असतो. हात आपोआप चालतात.

रविवारी संध्याकाळी छत्री झटकत आप्पा आले. डबा परत द्यायला आले होते, पण डबा त्यांनी हातातच ठेवला.

"काय कराल्यास रे?"

"सर्व्हर उठत नाहीये, आप्पा."

"वीज हाय?"

"आहे."

"पंखा फिरालाय की! मग अडलंय कुठं?"

मी समजावून सांगायला लागलो. बूट लोडर म्हणजे काय, डिस्कवर तो कुठं असतो, बायोस त्याला कसं शोधतं. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे प्रायमिंग झालं नाही."

"तसं नाही हो—"

"पंप रिकामा हाय, मोटार फिरून काय करणार? फूट व्हॉल्व्ह बघ."

मग त्यांनी हाताची मागची बाजू कॅबिनेटला लावून ताप पाहिला, जसा ताप आलेल्या पोराचा पाहतात. "गरम न्हाय." खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. (रविवारी संध्याकाळी डबा परत द्यायला जाणाऱ्या माणसाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर का असतो, हे मी विचारलं नाही.) त्याचं टोक पीसीतच आलेल्या, फोटोंना न पुरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. घरात शांतता. मुलगी माझ्याकडे बघतेय, मी भिंतीकडे.

"बेअरिंग चांगलं हाय," आप्पा डोळे उघडून म्हणाले. "किती आरपीएम?"

"मिनिटाला 7200 फेरे."

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "थापा मारू नको."

"लेबलवर छापलंय, आप्पा."

"लेबलवर माझं नाव छापलं तर मी मंत्री होतो काय? आपली वीज पन्नास सायकलची. दोन पोलची मोटार घेतलीस तरी तीन हजाराच्या वर जाणार न्हाय. चार पोलची पंधराशे, आणि लोड आला की 1440. सात हजार दोनशे कुठनं आणलंस?"

आणि हे खरं आहे, हीच तर बोंब! मोटारींच्या हिशोबात माणूस शंभर टक्के बरोबर होता. डिस्कच्या मोटारीला थेट घरची वीज मिळत नाही, तिला डीसी मिळतो आणि वेग तिचं सर्किट ठरवतं, हे मी पुढची दहा मिनिटं सांगत होतो. आप्पांनी शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुकानदारानं फसवलंय तुला. जाऊ दे."

मधल्या काळात मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या आणि एफ वन दाबा म्हणून सूचना. मी सवयीनं दाबायला बोट नेलं.

"थांब!" आप्पा ओरडले. "तारीख बघ की!"

आप्पांना इंग्रजी वाचायला येत नाही. पण मोटारीच्या नेमप्लेटवर आयुष्य गेल्यामुळे आकडे तेवढे सुटत नाहीत. ज्या चार ओळी मी तीन दिवस न वाचता पुढं ढकलत होतो, त्यांत एक तारीख होती. 1 जानेवारी 2009.

"2009 लागलंय तितं. ह्याचा सेल बसलाय."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल मेला की वीज जाताच बायोस घड्याळही विसरतं आणि आपण लावलेलं यूईएफआयही, आणि जुन्या पद्धतीनं डिस्क शोधत बसतं. डिस्क तिथंच असते, सिस्टिम तिथंच असते. तीनदा पुसून लिहिली ती सिस्टिम पहिल्याच रात्री ठणठणीत होती.

तारखांचं आमचं तसंही नशीब फुटकंच. फोटोंची फोल्डरं केली तेव्हा तीन निघाली: बेळगाव, बेळगाम आणि बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं अधिकृत नाव बदललं, तेव्हापासूनचा फोन आपोआप तिसरं लिहितो, आधीचा दुसरं, आणि मी हातानं पहिलं. एकच गल्ली, एकच गणपती, तीन गावं. एकत्र करायला बसलो आणि सोडून दिलं. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा अजून चालू आहे, मी एका रविवारात काय मिटवणार?

असो. आप्पांनी स्क्रूड्रायव्हरनं सेल उचकटला, उजेडात धरून वाचला आणि विचारलं, "नवा हाय काय घरात?" माझं "नाही" तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचले होते. बायको बेसन तोलत होती. त्यांनी डिजिटल काट्याचं बूड उघडलं, त्यातला सेल काढून आणला आणि बसवला. मी बायोसमध्ये जाऊन सेटिंग लावलं, प्लग उपटला, पुन्हा लावला. मशीन उठलं. पत्ता आला.

"सीआर 2032," आप्पा जुना सेल हातात फिरवत म्हणाले. "2032 पर्यंत बघायला नको."

ते आकडे मापाचे असतात, वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन जाड, हे मी सांगणार होतो. पण 7200 ची आठवण ताजी होती. गप्प बसलो. चूक तिथंच झाली.

कारण आता गल्लीभर जी गोष्ट फिरतेय तिच्यात सेल आप्पांचा आहे. "माझ्याजवळचा घातला," म्हणतात. अहो, माझ्या काट्यातला माझा सेल! माझा काटा बंद पडलाय, बायको तीन दिवस लाडवांचं प्रमाण अंदाजानं घालतेय आणि कडक झाले की माझ्याकडे बघतेय. आणि सर्व्हर? तो झकास चाललाय, पण त्यात अजून एकही फोटो नाही, कारण फोटोंची डिस्क घ्यायचे पैसे त्या 500 जीबीच्या पाहुण्यावर गेले.

आज दुपारी काट्यासाठी सेल आणायला गणपत गल्लीत गेलो. दुकानदारानं नंबर ऐकला, ड्रॉवर उघडला आणि आतूनच विचारलं, "तुम्हीच न्हवं ते सर्व्हरवाले? मग 2032 पर्यंतचाच देतो की."