सी-पिन आहे का?

आमच्या घरात आता सगळ्यांना सी-पिनच लागते. फोन, लॅपटॉप, लेकीचा टॅब, अगदी माझं दाढीचं मशीनसुद्धा. पूर्वी बायकोची पिन वेगळी, माझी वेगळी. त्यामुळे निदान कुणी कुणाची वायर पळवत नसे. आता भरदिवसा वाटमारी चालते.

बरं, पळवलेली वायर उपयोगी पडेल याचीही खात्री नाही. परवा लेकीला फोनमधला व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायचा होता. खणातली पांढरी वायर लावली. फोनवर चार्जिंगची खूण आली, पण लॅपटॉपला फोन दिसेचना. काळी लावली. व्हिडिओ जायला लागला, पण जेवणं उरकली तरी पट्टी अर्ध्यावरच. आई म्हणाली, "अरे, आत बसली ना? मग चालायलाच हवी!"

तिचं म्हणणं रास्त आहे, पण यूएसबीला, म्हणजे या सगळ्या पिना-वायरींच्या घराण्याला, ते मान्य नाही. 1996 साली आलेल्या त्या जुन्या चपट्या पिनमध्ये चारच पट्ट्या. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन निरोपाच्या. कडेच्या जरा लांब, म्हणजे आधी वीज पोचावी, मग बोलणं. (आमच्याकडेही आधी चहा, मग विषय.) पांढऱ्या वायरीत कंपनीने निरोपाच्या तारा घातल्याच नव्हत्या. फक्त चहा.

सी-पिनमध्ये तर 24 जागा. पण त्या सगळ्या जोडल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही. काळी वायर सेकंदाला 480 मेगाबिटवाली, म्हणजे 2000 सालचाच वेग, नव्या तोंडाने. शिवाय 60 वॅटच्या पुढे जायचं तर वायरीच्या टोकात एक चिप लागते. ती चार्जरला 'मला एवढं झेपतं' असं कळवते. ती नसेल तर लॅपटॉप आजाऱ्यासारखा घोट घोट वीज पितो. हे सगळं वायरीवर लिहायला काय होतं, देव जाणे. दोन रुपयांच्या बिस्किटपुड्यावर आत काय आहे ते छापतात.

शेवटी एक जाड, ताठ वायर सगळी कामं करते असं सिद्ध झालं. ती बायकोने कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली आहे.

रविवारी भाचा आला. "मामा, सी-पिन आहे का?"

"आहे की!" म्हणत मी पांढरी काढून दिली.

थोड्या वेळाने विचारलं, "होतंय ना रे चार्ज?"

"होतंय मामा. दिवाळीपर्यंत होईल."