सिंटॅक्स ट्रीला नावं ठेवताना

पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची झाडासारखी रचना (सिंटॅक्स ट्री) उभी करणारा प्रोग्राम, लिहायला घेतलाय? उत्तम. व्याकरण, ऑपरेटरांचा प्राधान्यक्रम, एरर रिकव्हरी ही कामं कधी ना कधी संपतात. खरा कस लागतो तो नोड्सना, म्हणजे त्या झाडाच्या एकेका गाठीला, नावं देताना. त्या दिवशी सुचेल ते नाव द्या. फंक्शनच्या नोडला ‘फंक्शनडेक्लरेशन’ म्हटलंत ना? मग क्लासला ‘क्लासडेफ’ म्हणा आणि व्हेरिएबलला नुसतं ‘व्हार’. सगळ्यांना एकच शेपूट लावलंत, तर लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) लिहिणारा न बघताच नाव ओळखेल. मग तुमचं डॉक्युमेंटेशन कोण उघडणार?

फील्डच्या, म्हणजे नोडच्या आतल्या कप्प्यांच्या नावांच्या, बाबतीत थोरांचे धडे गिरवा. पायथनच्या ट्रीत फंक्शनच्या साध्या पॅरामीटरचं नाव हवं असेल, तर ‘नोड.आर्ग्स.आर्ग्स[0].आर्ग’ लिहावं लागतं. पहिलं आर्ग्स हे एक ऑब्जेक्ट, दुसरं यादी आणि शेवटचं आर्ग चक्क स्ट्रिंग. फंक्शन कॉलच्या नोडवर मात्र आर्ग्स ही थेट यादीच. याच ट्रीत साध्या असाइनमेंटला ‘टार्गेट्स’ आणि ‘+=’ला ‘टार्गेट’ आहे, पण ते सोडा. साखळी असाइनमेंटला (a = b = 5) अनेक टार्गेट्स लागतात, म्हणजे त्यामागे कारण आहे. कारण असलेली विसंगती आपल्या काय कामाची?

जावास्क्रिप्टची ईएसट्री, म्हणजे त्या भाषेच्या ट्रीचा प्रचलित साचा, हीही अभ्यासा. ब्लॉकची ‘बॉडी’ यादी असते. क्लासची बॉडी हा वेगळा नोड, त्याच्या पोटात पुन्हा बॉडी, म्हणून ‘बॉडी.बॉडी’. अ‍ॅरो फंक्शनची बॉडी कधी ब्लॉक, तर कधी नुसतं एक्स्प्रेशन. प्लगिन लिहिणाऱ्याचा प्रत्येक ‘इफ’ हा तुमच्या प्रतिभेला केलेला मुजराच समजा. बेबल या जावास्क्रिप्ट रूपांतरित करणाऱ्या साधनाने तर स्वतःची वेगळी ट्री ठेवली आणि ईएसट्रीसारखं आउटपुट देणारं प्लगिनही सोबत दिलं. असा दिलदारपणा हवा!

सुधारणा करायचीच झाली तर सावकाश करा. पायथनने ‘नम’ (संख्या), ‘स्ट्र’ (स्ट्रिंग) वगैरे नोड्स ‘कॉन्स्टंट’मध्ये विलीन केले 3.8 आवृत्तीत, 2019 साली. जुनी नावं हटली 3.14 मध्ये, 2025 साली. इतकाही धीर नसेल, तर एकाच गोष्टीला दोन नावं राहू द्या. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘न्युमरिकलिटरल’ आणि ‘फर्स्टलिटरलटोकन’ या नोडच्या प्रकारांचा आतला आकडा एकच आहे आणि आकड्यावरून नाव शोधलं की हाती दुसरं येतं. समोर साधा 5 असतो, कन्सोलवर उमटतं ‘फर्स्टलिटरलटोकन’. नवशिक्याने विचारलं, तर हे डॉक्युमेंटेड आहे, एवढंच सांगा. कुठे, ते त्याला शोधू द्या.