वंशावळीत आत्या नाही

मागच्या उन्हाळ्यात पहाटे तीनला फोन वाजला. परदेशात राहणाऱ्याला त्या वेळच्या फोनचा अर्थ उचलायच्या आधीच कळतो. सेलूजवळच्या आमच्या गावी चुलतभाऊ गेला होता. वय ४१. मोटार चालू करायला मळ्यात गेला, छातीत कळ आली म्हणून धुऱ्यावर टेकला आणि तिथंच संपला. अंगानं काटक, गळ्यात माळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

तेराव्यापर्यंत घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद पेटलेला होता. कुणी म्हणे, हे पाकिटातल्या तेलानं झालं. करडई सोडली आणि माणसं जायला लागली. कुणी म्हणे, कोरोनाची लस. कुणी विचारलं, सोयाबीनला भाव नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, त्याचं काय? एका वयस्कर काकूंनी तर भानामतीचं नाव घेतलं. मी एवढंच विचारलं, ‘त्याचे वडील, आपले तात्या, गेले तेव्हा किती वर्षांचे होते?’ उत्तर आलं, ४९. ‘आणि आजोबा?’ बावन्न का त्रेपन्न. त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले: आपल्याकडचे पुरुष साठी बघत नाहीत. लग्नाच्या बैठकीत, सत्यनारायणाला, कुठेही सहज बोललं जायचं. ते प्रारब्ध म्हणून बोललं गेलं. माहिती म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, मीसुद्धा नाही.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहते. इथली पद्धत आधी सांगते, कारण परदेशातलं सगळं सरस असा माझा दावा नाही. इथं उठून लॅबमध्ये जाता येत नाही. प्रत्येक माणसाला एक ठरलेला घरचा डॉक्टर असतो, त्याला ‘हाउसआर्ट्स’ म्हणतात, आणि त्याची चिठ्ठी असल्याशिवाय सहसा रक्त घेत नाहीत. तीन वर्षांपूर्वी मी कोलेस्टेरॉल तपासा म्हणाले, तर वजन बरोबर आहे, सिगारेट नाही, वय कमी आहे, गरज नाही असं सांगून मला परत पाठवलं होतं. तेच परभणीत सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी काही शे रुपयांत रिपोर्ट मोबाइलवर येतो. याबाबतीत आपण पुढे आहोत.

भावाच्या बातमीनंतर मी पुन्हा गेले. या वेळी समोर दुसऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी खाण्यापिण्याचं काहीच विचारलं नाही. कोरा कागद घेतला आणि चौकोन-वर्तुळं काढायला लागल्या; पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. गेलेल्यावर तिरपी रेघ, शेजारी वय. मी सांगत गेले आणि रेघा वाढत गेल्या. मग त्यांनी मला मोजे काढायला लावले आणि टाचेच्या वरची धोंडशीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, दोन बोटांत धरून चाचपली. त्यांनी विचारलं, घरात कुणाची ही शीर जाड, गाठीगाठीची होती का? माझ्या डोळ्यांपुढे तात्यांचे पाय आले. त्यांच्या टाचेमागे बोटभर जाडीची गाठ होती. आम्ही समजत होतो, जन्मभर औतामागं चालून झालं असेल. आजोबांच्या बुबुळाभोवती चाळिशीतच राखाडी कडी आली होती, असंही आजी सांगायची. दोन्ही रक्तात जन्मभर साठलेल्या कोलेस्टेरॉलच्या खुणा असू शकतात. अख्ख्या गावाला त्या दिसत होत्या.

माझं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ५.५ मिलिमोल निघालं. आपल्या मिलिग्रॅमच्या हिशेबात साधारण २१३. परभणीत राहणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाचं मागून घेतलं, तर ९६. तो दर रविवारी मटण खातो. मी जन्मात अंडं खाल्लं नाही आणि रोज अकरा किलोमीटर सायकल चालवते. दोघं एकाच चुलीवर, एकाच कढईतल्या तेलावर वाढलो.

कोलेस्टेरॉल ताटातून थोडं येतं, बहुतेक शरीर स्वतः बनवतं. रक्तात फिरणारं एलडीएल उचलून घ्यायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. दारात उभे राहून येणारा माल उतरवून घेणारे हमाल समजा. त्यांचं जनुक १९ व्या गुणसूत्रावर असतं, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर निम्मेच हमाल, आणि माल रस्त्यावर पडून राहतो. हे डॅलसमधल्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी उलगडलं, १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. असा बिघाड जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. २०११ च्या जनगणनेत मराठवाडा १.८७ कोटींचा होता. जगाचंच प्रमाण लावलं तरी साठ हजारांवर माणसं होतात. त्यातल्या बहुतेकांना आज काहीही दुखत नसणार.

हा झाला एकाच जनुकाचा मोठा फटका. ज्यांच्या घरात असं काही नाही, अशा धडधाकट माणसांतही एकाचं ८५ आणि दुसऱ्याचं १४० का, याचा निम्म्याच्या आसपास वाटा वारशाचाच असतो. एपीओई नावाच्या जनुकाचे तीन प्रकार आहेत, त्यांना दोन, तीन, चार असे क्रमांक दिलेत; चौथ्या क्रमांकाचा असला तर एलडीएल थोडं चढं राहतं, दुसऱ्या क्रमांकाचा असला तर उतरतं. शिवाय शेकडो बारीक फरक, एकेक नगण्य, पण एकत्र आले की रिपोर्ट हलवणारे. पीसीएसके९ चं उदाहरण मला सगळ्यात पटतं. हे जनुक रिसेप्टर मोडीत काढणारं प्रथिन बनवतं. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय लोकांत त्याची एक प्रत जन्मतः बंद असल्याचं हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी दाखवलं. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. एवढ्याशा घटीचा एवढा फायदा, कारण ती पाळण्यापासून होती. आमच्या घरात हेच उलटं चाललं होतं, तेही पाळण्यापासूनच.

म्हणून तेलवाल्यांना मी वेड्यात काढत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखं करडईचं वाण दिलं, आणि करडईचं तेल पामतेलापेक्षा एलडीएलला नक्कीच बरं. पण आहार काटेकोर पाळूनही एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्केच उतरतं. माझे २१३ त्यानं १८० पर्यंत येतील. गेलेला भाऊ तर घाण्याचंच तेल खात होता.

लसीच्या वादाला तर उत्तर छापून आलेलं आहे. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती घेऊन २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. लसीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टींत एक होती घराण्यात पूर्वी असाच अचानक झालेला मृत्यू. हे मी ग्रुपवर टाकलं होतं. चार जणांनी पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि पुन्हा लसीवरच बोलायला लागले. कर्जाचं आणि सोयाबीनच्या भावाचं म्हणणाऱ्यांशी मी वाद घातला नाही, ते दुःख खरं आहे. पण तेवढंच कर्ज असलेले शेजारचे आजोबा ऐंशीचे आहेत.

नेदरलँड्सनं १९९४ पासून एक काम केलं, ते आपण उचलावं असं मला मनापासून वाटतं. एका माणसात हा बिघाड सापडला की नर्स त्याच्या भावाबहिणींच्या, मुलांच्या, काका-आत्यांच्या घरी जायच्या आणि तिथंच रक्त घ्यायच्या. एकाकडून दुसऱ्याकडे, असं करत सुमारे २८ हजार माणसं सापडली. सख्ख्या नात्यात दोनात एकाला सापडायची शक्यता असते, म्हणजे अंधारात चाचपडणं नाही. पुढे २०१३ नंतर सरकारनं हा खर्च थांबवला, आणि मला तरी ती चूक वाटते. आपल्याकडे जयंतीच्या शिबिरात शंभर जणांची साखर तपासतात, पण ज्याच्यात काही निघालं त्याच्या भावाला कुणी बोलावत नाही.

हे मी वहिनीला, गेलेल्या भावाच्या बायकोला, सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, ‘ताई, हे गावात कळलं तर लेकीची सोयरीक कोण जुळवंल?’

याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. इथंसुद्धा सुरुवातीला असा रिपोर्ट असलेल्यांना विमा मिळायला त्रास झाला होता. भीती खोटी नाही. पण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावतात, आणि घराण्यातला बिघाड दोन्हीकडून आला तर चारातल्या एका लेकराला दोन्ही प्रती खराब मिळू शकतात. तसं लेकरू शाळेच्या वयातच हृदयविकारानं जाऊ शकतं. झाकून ठेवलं तर याच सोयरिकी होत राहणार. मी वहिनीला एवढंच म्हणाले, सांगायचं कुणाला ते तू ठरव, पण आपल्याला तर माहीत पाहिजे.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचीही भीती मोठी. ‘एकदा सुरू केली की सुटत नाही, मूत्रपिंड जातं, सगळा कंपन्यांचा धंदा आहे.’ या गोळीतलं औषध, स्टॅटिन, अकिरा एंडो या शेतकऱ्याच्या मुलानं जपानमध्ये बुरशीतून शोधलं, १९७३ मध्ये. आणि अगदी पहिल्यांदा ते दिलं गेलं ते आमच्यासारख्याच घरातल्या रुग्णांना. आज आपल्याकडे जेनेरिक गोळी रोजच्या चहापेक्षा महाग नाही. हो, ती सुटत नाही. चष्माही सुटत नाही.

भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये सांगून ठेवलंय की पहिलं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, अठराव्या वर्षी करावं, घराण्यात इतिहास असेल तर त्याही आधी. आणि आयुष्यात एकदा तरी लिपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच रक्तातला कण तपासावा, ज्याचं प्रमाण जवळपास पूर्णच वारशानं ठरतं आणि भारतीयांत चौघांतल्या एकात जास्त असतं. पण हे संघटनेच्या कागदावरून सेलूच्या मळ्यात पोचवायचं कुणी?

आता वंशावळीचं. २०२३ पासून निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यात घरोघरी वंशावळी लिहिल्या गेल्या. आमचीही झाली. शपथपत्रावर खापरपणजोबांपासून सहा पिढ्या, तहसीलचा शिक्का. दिवाळीला गावी गेले तेव्हा वहिनीनं ट्रंकेतून तिची झेरॉक्स काढून दिली. आम्ही दोघींनी जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून, डॉक्टरबाईंसारखीच, प्रत्येक नावाशेजारी वय लिहिलं. आजोबा ५२. तात्या ४९. दादा, माझे वडील, ५६ ला बायपास. भाऊ ४१. त्याचा मुलगा १४ वर्षांचा; त्याचं रक्त त्याच आठवड्यात दिलं होतं, एलडीएल १९७. गोळी सुरू झाली आहे. धाकटीचं १०२.

लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी या कागदावर नाही. आजोबांच्या तिन्ही लेकी नाहीत, माझ्या चुलतबहिणी नाहीत. अशा वंशावळीत लेकींची नावं सहसा येत नाहीत, आणि एलडीएल तर लेकींबरोबर सासरी गेलेलं आहे. बायकांना झटका सहसा उशिरा येतो, म्हणून घराण्याच्या त्या वाक्यातही फक्त पुरुष होते. वहिनीनं पेन घेतला, आजोबांच्या नावाखाली तीन वर्तुळं काढली आणि पहिल्यात गंगाखेडच्या आत्याचं नाव घातलं. आत्याला चार मुलं, नऊ नातवंडं. रात्रीचे साडेनऊ झाले होते, तरी आम्ही फोन लावला.

‘आत्या, जेवलीस का? एक विचारायचं होतं. तुझ्या टाचेला मागं गाठ आहे का गं?’