‘मशीन म्हटल्यावर आवाज होणारच’

गेल्या मंगळवारी रात्री सव्वाआठ वाजता माझी दहा इंची कात्री टेबलावरून खाली पडली आणि तिचे टोक मोडले. तिला कोणाचा धक्का लागला नव्हता. मी एका पैठणीच्या ब्लाउजला अस्तर जोडत होते, माझे दोन्ही हात कापडावर होते, आणि टेबलाच्या कडेपासून आत ठेवलेली ती कात्री मशीनच्या हादऱ्यांनी सरकत सरकत कडेपर्यंत गेली आणि फरशीवर आदळली. दचकून मी पेडलवरचा पाय उचलला, तेव्हा लक्षात आले की पेडलही पुढे घसरत जाऊन भिंतीला टेकले आहे आणि भिंतीला लावलेले टेबल वीतभर माझ्याकडे आलेले आहे. दचकण्याच्या त्या एका क्षणात मुंढ्याची शिवण दोन सूत बाहेर गेली. रेशमावर सुईचे भोक एकदा पडले की शिवण उसवूनही ते जात नाही, हे शिवणाऱ्या बाईला सांगायला नको. त्या चार भोकांवर आता काठाची पट्टी कशी आणायची, या विचारात मी रात्री साडेअकरापर्यंत बसून होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावले. त्याने हँडव्हील दोनदा फिरवले, वरच्या भोकांत तेलाचे चार थेंब सोडले, चिंधीवर दोन शिवणी मारून पाहिल्या आणि म्हणाला, “ताई, मशीन म्हटल्यावर आवाज होणारच.” त्याचे त्याने साडेतीनशे रुपये घेतले. टेबलाकडे त्याने मान वळवून पाहिले नाही. मशीन उचलून त्याचे बूड पाहिले नाही. त्याच्यासमोर, त्याच्या हाताखाली, ते टेबल चार बोटे पुढे सरकले, त्याने ते गुडघ्याने मागे ढकलले आणि पुढची शिवण मारली.

हे वाक्य मी गेली दोन वर्षे ऐकते आहे. ज्याने हे मशीन आणि त्याबरोबर घडीचे टेबल विकले तो दुकानदार हेच म्हणाला, माझे दीर हेच म्हणाले, सोसायटीच्या कमिटीतल्या गृहस्थांनीही हेच म्हटले आणि त्यापुढे “म्हणून तर घरात हे धंदे नकोत” अशी पुस्ती जोडली. या ‘होणारच’ शब्दाची मला चीड आहे. वॉशिंग मशीन घरी आले तेव्हा कंपनीचा माणूस आला होता, त्याने वर पाणसळ ठेवून चारही पाय खालीवर करून सपाटीत आणले, हलवून पाहिले आणि मग सही घेतली. पिठाची गिरणी बसवताना खाली काँक्रीटचा पाया घालतात आणि ती बोल्टने आवळतात, कारण फिरणारे यंत्र आपल्या जागी घट्ट बसले नाही तर ते स्वतःला आणि आजूबाजूच्या सगळ्याला खिळखिळे करते, हे गिरणीवाल्याला कळते. शिलाई मशीन मात्र बाईने खोक्यातून काढायचे, मिळेल त्या टेबलावर ठेवायचे आणि कामाला लागायचे. ते बाईचे घरातले काम आहे, म्हणून त्याला पायाची गरज नाही, असे सगळ्यांनी मनात धरलेले असते.

घरचे मशीन मिनिटाला सातशे-आठशे टाके घालते. म्हणजे सेकंदाला बारा-तेरा वेळा सुईदांडा वरून खाली येतो, आणि तितक्याच वेळा खालचे शटल अर्धा फेरा जाऊन झटक्याने परत फिरते. हा मार कुठेतरी जाणारच. मशीन बिडाचे असेल तर बराचसा ते स्वतःच पचवते. सहा किलोचे प्लास्टिकचे मशीन तो जसाच्या तसा टेबलाला देते, आणि टेबल जर पत्र्याच्या पोकळ पायांवर ठेवलेली पातळ फळी असेल तर ती फळी ढोलकीच्या पानासारखी वाजते. आम्ही सगळ्याजणी मशीन ठेवतो कुठे, तर बरोबर त्या फळीच्या मधोमध, जिथे ती सर्वांत जास्त लवते, कारण दुकानातही ते तसेच मांडलेले असते. माझ्या टेबलाला तर एक ठरावीक वेग मुळीच सोसत नसे. हळू शिवले तरी चाले, भरधाव शिवले तरी चाले, पण मधल्या वेगाला आले की टेबल, बॉबिनची डबी, खडूचा तुकडा, चष्म्याचे घर, सगळे एकदम थरथरू लागे. ब्लाउजचे नाजूक काम नेमके त्याच मधल्या वेगात करावे लागते.

उल्हासनगरला कपड्यांच्या एका कारखान्यात मी तीन वर्षे काम केले आहे. तिथली मशीने मिनिटाला चार-चार हजार टाके घालायची आणि टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला जागचा हलत नसे. तिथे मशीनचे डोके तेलाच्या तबकाच्या चार कोपऱ्यांत रबरी गाद्यांवर बसवलेले असते, फळी जाड असते, खालचा सांगाडा लोखंडी असतो आणि मोटर खाली टांगलेली असल्यामुळे वजन जमिनीकडे राहते. आवाजाचा त्रास तिथेही होता, पण तो वेगळा होता. मालकाने जुन्या क्लच मोटरी ठेवल्या होत्या, त्या शिवण चालू नसतानाही दिवसभर घुमत राहायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावरही कानात तेच चालू असायचे. सर्व्हो मोटर पेडल दाबले तरच फिरते आणि वीजही कमी खाते, हे सगळ्यांना ठाऊक असूनही त्याने शेवटपर्यंत त्या बदलल्या नाहीत. बायकांच्या कानांची किंमत त्याच्या हिशेबात नव्हती. असो, पण मशीन हलू नये म्हणून काय करावे लागते याचे ज्ञान जगाला नाही असे कोणी मला सांगू नये. ते प्रत्येक कारखान्यात आहे, फक्त घरात शिवणाऱ्या बाईपर्यंत ते कोणी आणत नाही.

आणि हे ज्ञान नवीनही नाही. १८५१ साली अमेरिकेत आयझॅक सिंगरने आपल्या शिलाई मशीनचे पेटंट घेतले, तेव्हा ते मशीन ज्या लाकडी खोक्यातून जाई तेच खोके त्याचे टेबल म्हणून वापरायची सोय होती. मशीन आणि त्याची बैठक ही एकच वस्तू आहे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. माझ्या आईचे पायमशीन बिडाच्या स्टँडवर होते. ते जागेवरून हलवायचे तर दोन माणसे लागत. स्टँडच्या चाकांखाली आईने लाकडाच्या खोलगट चकत्या बसवल्या होत्या, आणि शहाबादी फरशीवर ते मशीन वर्षानुवर्षे एका जागी उभे होते. आवाज त्याचाही व्हायचा, पट्ट्याचा आणि पायट्याचा, पण मशीनशेजारी जमिनीवर आम्ही भावंडे झोपायचो आणि आमची झोप कधी मोडली नाही. आता गुळगुळीत टाइल आहे, त्यावर प्लास्टिकच्या टोप्या घातलेले टेबलाचे पाय आहेत, त्यावर हलके मशीन आहे, आणि हे सगळे मिळून पुढे सरकते तेव्हा लोक म्हणतात की तुम्ही पेडल जोरात दाबता.

आमच्या खालच्या मजल्यावर चार महिन्यांचे बाळ आहे. त्याची आई एके दिवशी दुपारी वर आली आणि अवघडून म्हणाली, “काकू, वर काही ओढताय का? बाळ सारखे दचकते आहे.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्या खोलीत मशीन चालू असताना माणूस शांतपणे फोनवर बोलू शकतो, पण टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरलेली घरघर तिच्या छताला कशी वाजत असेल, याची मला तोवर कल्पनाच नव्हती. त्या मुलीवर माझा काडीचा राग नाही. माझा राग कमिटीवर आहे, कारण पुढच्याच आठवड्यात त्यांनी खालच्या फलकावर माझ्या फ्लॅटच्या क्रमांकासह नोटीस लावली आणि तिच्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दाखला दिला, की रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियमातली रात्र दहाला सुरू होते आणि माझे मशीन नऊच्या पुढे चालत नाही. याच कमिटीने उत्सवात आवारात स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या होत्या, तेव्हा हे ५५ आणि ४५ कुठल्या कपाटात होते? तेव्हाही बाळे होती, त्यांतले एक माझ्या नात्यातले होते. नोटीस लावणाऱ्या एकालाही वर येऊन टेबल पाहावेसे वाटले नाही. त्यांच्या घरच्या लग्नांतले ब्लाउज मात्र याच टेबलावर शिवून गेले आहेत.

उपाय सांगणारे पैशाला पासरी मिळतात. एकीने सांगितले, खाली टॉवेलची घडी घाला. टॉवेलवर मशीन डुलते, आणि टॉवेल स्वतःच सरकतो. दुसरीने सांगितले, जाड फोम घाला. फोमने खोलीतला आवाज थोडा दबला, पण मशीन बोटीसारखे हेलकावू लागले आणि सरळ पट्टीची शिवण नागमोडी झाली. मऊ म्हणजे शांत, ही समजूत ज्याने पसरवली त्याने एकदा फोमवर बसून गळ्याला पायपिन, म्हणजे कडेची बारीक गोट, लावून दाखवावी. आणि खोबरेल तेल! मशीन करकरते तर दोन थेंब खोबरेल घाला, असे अजूनही सांगणाऱ्या बायका आहेत, आणि त्या माझ्या आवडत्या बायका आहेत म्हणून मला जास्त त्रास होतो. डिसेंबरात बाटलीतले खोबरेल थिजते हे प्रत्येकीने पाहिलेले आहे, मग तेच तेल शटलच्या वाटेत थिजणार नाही का? माझ्या नणंदेचे सोन्यासारखे मशीन अशाने चिकट होऊन अडकले. मशीनचे पांढरे पातळ तेल दुकानात थोड्या पैशांत मिळते.

मेकॅनिक गेल्यावर मी स्वतः मशीन आडवे करून पाहिले. खालच्या चार रबरी गुट्ट्यांपैकी एक नव्हतीच, आणि दुसरी इतकी कडक झाली होती की नखाने तिचा भुगा पडला. मशीन दोन वर्षे तीन पायांवर, त्यांतल्या एका लंगड्या पायावर, नाचत होते. साडेतीनशे रुपये घेणाऱ्याला ते उचलून पाहावेसे वाटले नाही! कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवरची पट्टी उघडली तर अस्तराच्या तंतूंचा नमदा बसला होता. सुई बदलली, तेव्हा जाड कापडावर येणारा तो ठक्-ठक् आवाज अर्ध्यावर आला, कारण बोथट सुई कापडातून जात नाही, कापडाला ठोकते. घडीच्या टेबलाच्या बिजागऱ्यांचे नट हाताने फिरत होते. ते आवळले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल झाले, तेव्हा मी ते टेबल दाराबाहेर काढले.

मुलाचे जुने सागवानी अभ्यासाचे टेबल माळ्यावरून उतरवले. आता ते कोपऱ्यात दोन भिंतींना टेकून आहे. पायांखाली रबरी बूट घातले, आणि ज्या पायाखाली फटीतून पोस्टकार्ड सरकत होते तिथे रबराची चकती दिली. वर घट्ट रबराचा तुकडा, त्यावर कोणाच्या तरी ओट्यातून उरलेली कडप्पा फरशी, तिच्यावर पातळ नमदा आणि त्यावर मशीन, तेही फळीच्या मधोमध नाही, टेबलाच्या पायाला लागून. पेडलखाली गाडीतल्या पायपुसण्याचा रबरी तुकडा घातला. सगळे मिळून चारशे रुपयांच्या आत झाले. शुक्रवारी मी त्या नकोशा मधल्या वेगात सलग चार ब्लाउज शिवले आणि शेजारी ठेवलेली बॉबिनची डबी हलली नाही. खाली जाऊन विचारले तर ती मुलगी म्हणाली, “काकू, आज तुम्ही शिवलेच नाही का?”

चारशे रुपये आणि अर्धा दिवस! हे मशीन विकताना त्या दुकानदाराला सांगता आले असते, मेकॅनिकला सांगता आले असते, खोक्यातल्या पुस्तिकेत मशीन सपाट पृष्ठभागावर ठेवा या एका ओळीऐवजी अर्धे पान छापता आले असते. दोन वर्षे माझी पाठ त्या थरथरीत आखडली, बाळाची झोप मोडली, फलकावर माझ्या घराचा नंबर लागला, एक पैठणी भोसकली गेली, आणि मी मनातल्या मनात मान्य करत राहिले की मशीन म्हटल्यावर आवाज होणारच.

कात्री मी शनिवारी धारवाल्याकडे नेली. पितळी मुठीची, मेरठची कात्री, शिलाईच्या पहिल्या कमाईतून घेतलेली. त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाला की टोक जुळत नाही, अर्धा इंच घासून कमी करावे लागेल, आणि मग गळ्याच्या आत शिरून कापायला ती चालणार नाही.