पाच पूर्णांक एक दशांश

आमचा हॉल १७ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे, हे मला गेल्या जुलैपर्यंत माहीत नव्हतं. नाशिकच्या इंदिरानगरात राहायला येऊन बारा वर्षं झाली. बिल्डरने तेव्हा काहीतरी आकडा सांगितला होता, पण बिल्डरच्या फुटात इंच किती असतात हे कुणी विचारत नाही. जुलैत मी स्वतः टेप लावला. त्याला कारण मेव्हणा.

मेव्हण्याने गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये होम थिएटर बसवलं आणि आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर सिनेमा लावला. पाचव्या मिनिटाला मागच्या बाजूने धो धो पाऊस आला आणि मी उठून खिडकी लावायला गेलो. खिडकी लावलेलीच होती. बाहेर टिपूस नव्हता. मागे सासरची अकरा माणसं हसत होती. घरी परतताना स्कूटरवर मी एक शब्द बोललो नाही. बायको म्हणाली, "अहो, घ्या आता. नाहीतर वर्षभर असंच तोंड बघावं लागेल."

मात्र तिच्या मनात होता तो साउंडबार. "तो लांबट दांडा मिळतो ना, टीव्हीखाली ठेवायचा, तो घ्या. पुसायला सोपा." या अख्ख्या प्रकरणात शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते मी ऐकलं नाही.

आमच्या तरुणपणी टेपरेकॉर्डरवर '२००० वॉट पीएमपीओ' असं चंदेरी स्टिकर असायचं. एवढे वॉट खरे असते तर त्या डेकवर इस्त्री नाहीतर गीझर चालला असता. त्या भरवशावर एमजी रोडच्या दुकानात मी छाती काढून विचारलं, "किती वॉटचा आहे?" दुकानातल्या पोराने माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, पीएमपीओ गेलं आता. आरएमएस बोला, म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट. आणि वॉट राहू द्या, ओहम बघा." घरी येऊन आईला सांगितलं की आठ ओहमचे स्पीकर बघून आलो. तिने 'आठ ओम' ऐकलं आणि दिव्याकडे बघून हात जोडले. खरेदीला तिची परवानगी मिळाली ती अशी.

पुढचे पंधरा दिवस मी अभ्यास केला. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. आमच्या कंपनीतली पगारवाढ याच तत्त्वावर चालते, कागदावर दिसते आणि घरात ऐकू येत नाही. होम थिएटरवर लिहिलेल्या ५.१ मधले पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय बाजूचे दोन. उरलेला 'पॉइंट एक' म्हणजे सबवूफर. त्याच्या वाट्याला फक्त खालचे, पोटातले आवाज येतात, म्हणून तो दशांश. हा दशांश बारा किलोचा निघाला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना मी तो एकट्याने चढवला आणि त्या वेळी पोटातले सगळे आवाज माझेच होते.

त्या पोराने छतातही दोन स्पीकर सुचवले होते, ॲटमॉससाठी. पाऊस वरून पडल्यासारखा वाटतो म्हणे. आमच्या वर ज्यांचं बाथरूम आहे, त्यांच्या कृपेने ती सोय आधीपासून आहे.

खोकी आली, आणि आता खोकी उघडली की झालं, असं मला वाटलं.

समोरचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या नाकापासून २२ ते ३० अंशांवर हवेत, बाजूचे दोन ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या किंचित मागे. मी चिरंजीवांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. तो तळहाताएवढा आणि हॉल १७ फुटांचा. मग आईच्या देवघरातून रांगोळीचा डबा आणला, सोफ्याच्या मधोमध बिंदू धरला आणि दोरी लावून फरशीवर रेघा ओढल्या. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या, तर दारातच चपला काढून उभ्या राहिल्या. "वास्तुशांती आहे का हो? बोलला नाहीत." मी समजावेपर्यंत आईने मधल्या बिंदूवर हळद-कुंकू वाहिलं होतं.

रांगोळीने जे सांगितलं ते भयंकर होतं. डावीकडचा ११० अंश बाल्कनीच्या सरकत्या दारात पडत होता. उजवीकडचा भिंत सोडून थेट स्वयंपाकघराच्या पॅसेजमध्ये, फ्रिजच्या अलीकडे. शिवाय सोफा मागच्या भिंतीला चिकटून चालत नाही, भिंतीपाशी बास, म्हणजे तो खालचा आवाज, फुगतो आणि घुमतो. खोलीच्या बरोबर मध्यावरही चालत नाही, तिथे तो गुडूप होतो. सोफा तीन फूट पुढे ओढला, तर बायको म्हणाली, "मागे झाडू कोण मारणार? आणि पाहुण्यांच्या गुडघ्यांचं काय?" तोडगा सव्वा फुटावर निघाला. डावा स्पीकर पडद्याच्या दांडीशेजारी टांगला. उजवा चपलांच्या स्टँडवर गेला.

नंतर उंचीचा वाद. स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग, ट्वीटर, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर असावा म्हणतात. कान कुणाचा? आई खुर्चीवर बसते, बायको दिवाणावर मांडी घालून भाजी निवडते, चिरंजीव जमिनीवर पालथे पसरलेले असतात. हे शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरात एकच माणूस एकाच खुर्चीत हालचाल न करता बसत असणार, आणि त्याला मध्येच उठून दूध बघायला कुणी सांगत नसणार. एका क्षणी मला दादासाहेब फाळके आठवले. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. या गृहस्थांनी १९१३ साली आपला कथाचित्रपट लोकांपुढे आणला तेव्हा त्यात आवाजच नव्हता. माझ्याच जिल्ह्यातल्या माणसाने अख्खा सिनेमा एकाही स्पीकरशिवाय उरकला, आणि मी सहा घेऊन चपलांच्या स्टँडशी झटत होतो.

उरला सबवूफर. नाशिकच्या माणसाला सबवूफर समजावून सांगायला लागत नाही, त्याने ढोल ऐकलेला असतो. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली तर ताशा कुठल्या बाजूला आहे ते बोटाने दाखवता येतं. ढोल मात्र सगळीकडून येतो, बरगड्यांतूनही. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवा, असं म्हणतात. आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतात की कुठेही ठेवू नका. कारण खोलीतल्या काही जागी तो गरजतो, काही जागी मुका होतो.

योग्य जागा शोधायची रीत अशी. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे बास स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर न्यायचा. आवाजाला उलटसुलट फरक पडत नाही, बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी हिशेब तोच. माझे गुडघे मात्र दोन्ही दिशांनी दुखतात.

रविवारी दुपारी मी सबवूफर सोफ्यावर विराजमान केला, दार लोटलं आणि रांगायला सुरुवात केली. टीव्हीखाली नुसती गुणगुण. बाल्कनीपाशी काहीच नाही. दिवाणाच्या कोपऱ्यात एवढा घुमला की दाढ हलली. टीपॉयखालून बाहेर येतो तर समोर दोन पायजमे. खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या वर्गणीची पावती घेऊन उभे होते. सोफ्यावर एक काळा ठोकळा ऐटीत बसलेला, आणि मी चार पायांवर.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

"बास," मी म्हणालो.

"बास तर बास," असं म्हणून ते पावती टीपॉयवर ठेवून पाय न वाजवता गेले.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या खोक्याला सोफा आणि कमावत्या मुलाला जमीन. हे बघायला ठेवलं देवाने."

बास शेवटी सापडला. गोल, घट्ट, स्पष्ट, अगदी पुस्तकात लिहितात तसा. ईशान्येच्या कोपऱ्यात, आईच्या देव्हाऱ्याच्या बरोबर खाली. देव्हारा हलणार नाही हे मला विचारायचीही गरज नव्हती. चार दिवस वाटाघाटी झाल्या. ठराव असा झाला की सबवूफर देव्हाऱ्याखाली राहील, पण त्याच्यावर क्रोशाचा रुमाल येईल, सोवळ्याच्या वेळात तो बंद असेल आणि त्याला कुणी पाय लावणार नाही.

वायरींचं फार सांगत नाही. एका स्पीकरची लाल-काळी उलट लागली होती, त्यामुळे समोरचा आवाज फाटून सगळ्या खोलीभर पसरायचा, एखाद्याच्या अंगात आल्यासारखा. ते समजायला दोन दिवस गेले.

मग आपोआप जुळवणी. सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं मशीन म्हणजे रिसीव्हर, त्याच्याबरोबर एक छोटा माइक येतो. तो कानाच्या उंचीवर ठेवायचा आणि खोलीत पूर्ण शांतता ठेवायची. मशीन एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं आणि अंतर, जोर सगळं मोजतं. पूर्ण शांतता, आणि तीही ऑगस्टमध्ये! पलीकडच्या मैदानावर पथकाचा सराव. संध्याकाळी चार वेळा मशीनने सांगितलं की आजूबाजूला गोंगाट फार आहे. मी म्हटलं, बाबा रे, हे आम्ही बारा वर्षं सांगतोय. अखेर रात्री दोनचा गजर लावला. फ्रिज बंद, पंखा बंद. माइकला स्टँड नव्हता, म्हणून स्टुलावर पोळ्यांचा डबा, त्यावर साखरेचा, त्यावर माइक. बटण दाबलं. 'चुईंक! चुईंक!' असा चिरका आवाज एकेका कोपऱ्यातून निघाला. चौथ्या चुईंकला खालची कुत्री उठली. सहाव्याला वॉचमनची शिट्टी. सातव्याला आई काठी घेऊन बाहेर आली, कारण तिच्या मते घरात चिचुंद्री शिरली होती.

मशीनने तरीही निकाल दिला. पाचही अंतरं टेपशी तंतोतंत जुळली. सबवूफर मात्र सोफ्यापासून ११ फुटांवर असताना मशीन म्हणे १९ फुटांवर. मी घाबरलो. मग वाचलं की हे नेहमीचंच आहे. सबवूफरच्या आतल्या सर्किटमधून आवाज निघायला थोडा उशीर होतो, आणि मशीन तो उशीर फुटांत धरतं. म्हणजे मशीनच्या हिशेबाने आमचा सबवूफर भिंत ओलांडून शेजारच्यांच्या बेडरूममध्ये होता. शनिवारी सिनेमा लावल्यावर शेजारच्या वहिनीही हेच सांगायला आल्या.

त्या शनिवारी पहिलाच स्फोट झाला आणि देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली. शोकेसमधल्या कपबशांनी साथ दिली. आईने सिनेमा थांबवायला लावून देवाला साखर ठेवली. दुसऱ्या स्फोटाला पुन्हा घंटा. तिसऱ्यानंतर तिने घंटेत कापूस भरला. मी हळद-कुंकवाच्या बिंदूवर बसायला गेलो तर तिथे मामेसासरे बसले होते. त्यांना काढणार कसं? मी पूर्ण सिनेमा बाल्कनीच्या दारापाशी, एका स्पीकरच्या थेट खाली बसून पाहिला. मला समोरचं काही ऐकू आलं नाही, पण पाऊस चांगला पडला.

आता आईने रिमोटवरचं एक बटण शोधून काढलंय. ते दाबलं की पाचही स्पीकर एकच आवाज ओकतात, कोन-बिन सगळं रद्द. तिच्या मालिकेला ते बरं पडतं. काल जेवताना म्हणाली, "तो चपलांवरचा स्पीकर वाया चाललाय रे. ओट्यापाशी लावून दे. कुकरच्या शिट्टीत सुनेचं बोलणं नेमकं बुडतं."

"कुठल्या सुनेचं?" बायकोने विचारलं.

वायर पुरेल का ते बघायला मी टेप घेऊन उठलो.